पार्सल घेताना अन् काउंटरवर खाताना टिप द्यायची का? माझं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न असा की बहीण अमेरिकेत राहते, तिथं काउंटरवरून साधी कॉफी हातात घेतली तरी मशीनवर १८, २०, २५ टक्के टिपची बटणं येतात, आता नागपूरच्या एका कॅफेत तुम्हालाही बिल देताना तसंच विचारलं, अन् गावी बाबा म्हणतात पार्सलवर टिप देऊन पोट्ट्यांना सवय लावू नको. मग द्यायची की नाही, अन् दिली तर किती.

सरळ उत्तर आधी देते. पार्सलवर अन् काउंटरवर टिप लागत नाही. नाही दिली तर तुम्ही कोणाचं काही बुडवलं नाही, मान खाली घालून निघायची गरज नाही. पण कोणी तुमच्यासाठी रेटच्या बाहेरचं काम केलं तर जरूर द्या, अन् ज्यानं केलं त्याच्याच हातात द्या. गल्ल्यावर नाही, अन् दुकानाच्या क्यूआरवर तर अजिबात नाही.

मी या धंद्यात पंधरा-वीस वर्षांपासून आहे. आधी दुसऱ्यांच्या हॉटेलात पोळ्या लाटल्या, मग आमच्या बचत गटानं पंचायत समितीच्या आवारात कँटीन चालवलं, आता यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर नाश्ता अन् पार्सलचं स्वतःचं दुकान आहे. म्हणजे लाटण्याच्या बाजूनं पाहिलं अन् गल्ल्याच्या बाजूनंही पाहून राहिली.

बहिणीचं आधी घेऊ, कारण तिथली गोष्ट इथं जशीच्या तशी लावली की घोळ होतो. तिथं मालकाला कायद्यानंच मोकळीक आहे, ज्या वेटरला टिप मिळते त्याला तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, अन् हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांची देशभराची किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर, तीही २००९ पासून तिथंच आहे. मधला फरक टिपमधून निघेल असं धरलेलं असते, नाही निघाला तर मालकानं भरून द्यायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन धरून सात राज्यांत ही मोकळीक नाही, तिथं वेटरलाही पूर्ण किमान मजुरी द्यावी लागते, अन् बऱ्याच राज्यांचे स्वतःचे दर या आकड्यांच्या वर आहेत. पण बाकी ठिकाणी बसून जेवलं अन् टिप न देता उठलं तर त्या वेटरच्या रोजीलाच हात लागतो, म्हणून बहीण बसून जेवली तर तिनं १५-२० टक्के ठेवूनच उठावं. काउंटरवर कॉफी भरून देणारी पोरगी मात्र सहसा त्या २.१३ वाली नसते, तिला पूर्ण मजुरी लागू असते. ती मजुरी तिला पुरते का हे वेगळं बोलता येईल. पण मशीनवर कोणते टक्के दिसावेत ते दुकानवाला सेट करतो, सरकारनं ठरवलेलं नाही. तिथं मनाला आलं तर डॉलर-दोन डॉलर द्यावे, नाही तर टिप नको म्हणायचं बटण दाबावं, मागं रांगेत कोण पाहून राहिलं याचं दडपण घ्यायचं नाही.

आता आपल्याकडं बघा. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. साल म्हणजे वर्षाची मजुरी किती, धान्य किती, उचल किती, सगळं त्या दिवशी बोलून होते. पुढं पोळ्याला त्यानं बैल धुऊन सजवून आणले की मालक त्याला नवे कपडे घेतो, वरून हातावर पैसे ठेवतो. कोणता मालक असं म्हणेल का की पोळ्याला कपडे घेतले तेवढे सालातून कापतो? म्हटलं तर पाराजवळ बसलेली माणसं त्याच्या तोंडावर बोलतील. अमेरिकेतल्या त्या कायद्यानं हेच केलेलं आहे, पोळ्याचे कपडे सालात धरलेले आहेत. आपल्या देशात तशी सोयच नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा होता तेव्हाही अन् आता त्याच्या जागी वेतन संहिता आली तरीही, हॉटेलातल्या माणसाचं किमान वेतन मालकानंच द्यायचं आहे, गिऱ्हाईकानं खुशीनं काय दिलं ते त्यातून वजा करता येत नाही.

खेड्यापाड्यात सगळे हॉटेलवाले किमान वेतन देतात असं मी म्हणत नाही, कित्येक जण देत नाहीत. पण त्याचा जाब मालकाला आहे, पार्सल न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला नाही. उलट मी पाहिलेलं सांगते, टिपचे पैसे बऱ्यापैकी यायला लागले की मालकाची नजर आधी तिकडंच जाते. मी एका हॉटेलात कामाला होते, नाव घेत नाही, तिथं वेटर पोट्ट्यांनी दिवाळीच्या आधी रोजी वाढवा म्हटलं तर मालक म्हणे, "तुले वरचे भेटतात ना बे, मंग रोजी कायले वाढवू?" अन् आत आम्ही चार बाया चुलीपुढं बसून होतो, आम्हाला तर वरचेही भेटत नव्हते अन् रोजीही वाढली नाही. म्हणून दर वेळी, दर बिलावर टिप ही पद्धत आपल्याकडं रुजावी असं मला अजिबात वाटत नाही. जी काही मजुरी आहे ती रेटमध्ये धरा, पोह्याची प्लेट दोन रुपयांनी महाग करा, पण कामाचे पैसे मालकाच्या हातूनच मिळाले पाहिजेत.

काउंटर सर्व्हिसचं तर फारच सोपं आहे. आमच्या बचत गटाच्या कँटीनमध्ये वेटर नव्हताच. कूपन घ्यायचं, खिडकीतून प्लेट उचलायची, पाणी स्वतः भरायचं, खाऊन झालं की प्लेट टबात. गिऱ्हाईक अर्धं काम स्वतः करते म्हणूनच बाहेरच्या हॉटेलपेक्षा आमचा रेट कमी होता. त्यानं वरून आणखी टिप द्यावी असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? कोणी कधी दहाची नोट पुढं केली तर आम्ही म्हणायचो राहू द्या साहेब, प्लेट जागेवर ठेवली तेच खूप झालं. हे मनापासून होतं, कारण दुपारी एक ते दोनच्या गर्दीत उष्ट्या प्लेटा गोळा करायला माणूस नसायचा.

पार्सलमध्ये लोकांना वाटते की इथं काही कामच नाही, कढईतून काढलं अन् पिशवीत टाकलं. ते तसं नाही. आमच्याकडं पाटोडी-रस्सा जास्त जातो, त्याचंच सांगते. पाटोड्या वेगळ्या डब्यात, कारण रश्शात टाकून दिल्या तर घरी पोचेपर्यंत फुगून फुटतात. रस्सा भरताना पळी आधी तळातून फिरवायची, मग तर्री वरून मोजून घालायची, नाही तर एकाच्या डब्यात नुसतं तेल अन् दुसऱ्याच्या डब्यात नुसतं पाणी जाते. डबा काठोकाठ भरायचा नाही. झाकण लावायच्या आधी डब्याचा काठ कोरड्या फडक्यानं पुसायचा, काठाला तेल असलं की झाकण बसल्यासारखं वाटते पण पुढच्या चौकात निघते, अन् आमचं गिऱ्हाईक पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून दहा-पंधरा किलोमीटर खड्ड्यातून जाणारं आहे. पोळ्या तव्यावरच्या तशाच गुंडाळल्या तर घाम सुटून ओल्या होतात, म्हणून दोन मिनिटं टोपलीत उघड्या ठेवायच्या. कांदा, लिंबू वेगळं बांधायचं, अन् तेही पेपरात नाही, छापलेल्या कागदात खायचं बांधायला अन्नसुरक्षा खात्याची मनाई आहे, शाई पोटात जाते.

आता हे सगळं करते कोण? आतली बाई. गल्ल्यावर उभा असलेला माणूस फक्त पिशवी पुढं करतो अन् पैसे घेतो. तुम्ही पिशवी घेता घेता जी नोट देता ती त्याच्या खिशात जाते, काठ पुसणारीला तिचा पत्ताही लागत नाही. बसून जेवताना निदान वाढणारा तुमच्या समोर असतो, पार्सलमध्ये काम करणारं अन् पैसे घेणारं माणूस एक नसते. माझ्या मते पार्सलच्या टिपमधली खरी अडचण हीच आहे, द्यावी की नाही ते नंतर. तुम्हाला आतल्या माणसाला द्यायचं असेल तर तोंडानं सांगा, "आत कोण बांधते, जरा बोलवा," अन् तिच्या हातात द्या. बोलवायला कोणी नाही म्हणणार नाही.

क्यूआरचं तर मी प्रत्येकाला सांगत असते. यूपीआय २०१६ ला आलं, आपल्या भागात टपरीपर्यंत पोचायला आणखी थोडी वर्षं लागली, अन् त्यानं धंद्याचं भलं केलं यात वाद नाही, सुट्ट्या पैशांची रोजची कटकट गेली. पण वरच्या चिल्लरवर ज्यांचं चहापाणी चालायचं त्यांचं ते गेलं. आधी अठरा रुपयांचं बिल झालं की वीसची नोट देऊन माणूस उठायचा, दोन रुपये टेबलावर राहायचे, पोट्टा फडकं मारता मारता उचलायचा. आता बरोबर अठराच स्कॅन होतात. अन् एखादा चांगल्या मनाचा माणूस ८५ च्या बिलावर १०० टाकतो, म्हणतो वरचे पोराला द्या. स्पीकर शंभर रुपये आले म्हणून ओरडतो, पोट्टा शेजारी उभा राहून ऐकतो, पैसे मात्र मालकाच्या खात्यात. संध्याकाळी हिशोबाला बसल्यावर शंभर-दीडशे एंट्र्यांमध्ये ते पंधरा रुपये कोणाचे होते हे चांगल्या मालकाच्याही ध्यानात राहत नाही, अन् वाईट मालकाला तर ध्यानात ठेवायचंच नसते. म्हणून खिशात दहा-वीसच्या दोन-चार नोटा ठेवा. नोट नसेल तर त्या पोट्ट्याचा स्वतःचा नंबर विचारून त्यावर टाका, पण मालकाच्या समोर विचारा. गुपचूप बाजूला घेऊन टाकले अन् नंतर गल्ल्यात दहा-वीस कमी भरले तर आळ सगळ्यात आधी त्याच्यावर येतो.

याच्यात कायद्याचं एक सांगते. २०१६ मध्येच सुप्रीम कोर्टात एका मोठ्या हॉटेल कंपनीची इन्कम टॅक्सची केस होती, बिलासोबत कार्डावर आलेली टिप हॉटेलनं नंतर वेटरना वाटली तर तो पगार धरून मालकानं टॅक्स कापायचा का, असा वाद. कोर्ट म्हणालं की टिप गिऱ्हाईक देते, मालक नाही, मालकाकडं ती फक्त विश्वासानं ठेवलेली असते, म्हणून तो पगार नाही. आपण टॅक्सचं सोडून देऊ, पण त्यातलं मुख्य म्हणणं प्रत्येक हॉटेलवाल्यानं ध्यानात ठेवावं. तुमच्या खात्यात पोट्ट्याच्या नावानं पडलेले पंधरा रुपये तुमचे नाहीत.

टिपच्या नावाखाली बाकी काय काय वसूल होते तेही ओळखून ठेवा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, ४ जुलै २०२२ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे नियम काढले अन् मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवले. नागपूर-अमरावतीच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये कधी लागून आला तर शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ नंबर ग्राहक हेल्पलाइनचा आहे. अन् पार्सलवर सर्व्हिस चार्ज म्हणजे तर वाढपी नाही, टेबल नाही, कशाची सर्व्हिस? पार्सल चार्ज वेगळा, तो डब्याचा असतो, त्यातून कामगाराला काही जात नाही, अन् आधी सांगितलेला असेल तर तो देण्यात काही गैर नाही. तो वाचवायचा असेल तर घरून स्टीलचा डबा आणा, आम्ही आनंदानं भरून देतो. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवतात तीही टिप नव्हे, ते तुमचे पैसे आहेत, मागून घ्या.

मग द्यायची कधी? दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी अन् मळणी चालू असते, थ्रेशरवाले एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरून राहिले असतात, रात्री अकरा-साडेअकराला शेतकऱ्याचा फोन येतो, "काकू, आठ माणसांचं जेवण पायजे, मशीन आत्ताच थांबली." भट्टी विझलेली, कणीक संपलेली, बाया घरी निघालेल्या. त्या परत बसतात, कणीक मळतात, बत्तीस पोळ्या लाटतात. जेवणाचे पैसे रेटप्रमाणे मला मिळाले, रात्रीचे वरचे पैसे मी त्यांना देते ते माझं काम, पण असा शेतकरी डबे घ्यायला आल्यावर आत येऊन दोघींच्या हातात पन्नास-पन्नास ठेवून गेला तर ते अगदी बरोबर आहे, तिथं संकोच करू नका अन् त्यांनीही करू नये. कापसाच्या दिवसात जिनिंगसमोर गाड्यांची लाईन लागते, ड्रायव्हर गाडी सोडून येऊ शकत नाही, आमचा पोट्टा तिकडं डबा नेऊन देतो, त्याला दहा-वीस द्या. म्हाताऱ्या माणसाची पिशवी उचलून एसटीत चढवून दिली, तिखट चालत नाही म्हणून एकट्यासाठी वेगळा रस्सा काढला, तेरवीच्या जेवणाच्या ऑर्डरसाठी पहाटे चारला उठून आले, ही सगळी द्यायची ठिकाणं. आपल्या पोह्याच्या पार्सलला उभं राहून पाच मिनिटं थांबलात, ते द्यायचं ठिकाण नाही.

किती, तर टक्के मोजू नका. दुपारी बाराला आठशेची ऑर्डर सहज निघून जाते अन् रात्री बाराला साठ रुपयांच्या चहासाठी पुन्हा गॅस पेटवावा लागते, टक्क्यांच्या हिशोबानं पहिल्याला ऐंशी अन् दुसऱ्याला सहा रुपये होतात, याला काही अर्थ आहे का? माणसाचा किती वेळ अन् किती त्रास गेला ते बघा. आपल्या भागात एकट्याला दहा-वीस, रात्रीबेरात्रीच्या कामाला पन्नास, मोठ्या ऑर्डरला सगळ्यांत मिळून शंभर-दोनशे, याच्यापुढं जायची गरज नसते. पैसे नसतील तर आत डोकावून "रस्सा मस्त झाला होता मावशी" एवढं बोला, तेही मालकासमोर बोला, त्याचा उपयोग रोजी ठरवायच्या वेळी होतो, हे मी स्वतः लाटायला होते तेव्हाचं सांगून राहिली. अन् गाडीत बसून हॉर्न मारून पार्सल मागवू नका, मग वर पन्नास दिले तरी ते त्या माणसाला घ्यावंसं वाटत नाही.

घरपोच आणून देणाऱ्याचं गणित वेगळं आहे. यवतमाळ-अमरावतीला अ‍ॅपवरून मागवता तो पोरगा पगारी नसतो, ऑर्डरप्रमाणे पैसे मिळतात, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना डांबरी रस्त्यावर तोच. त्याला द्या, अ‍ॅपमधून द्या नाही तर दारात हातात द्या, मला विचाराल तर हातात.

एक गोष्ट राहिली ती महत्त्वाची आहे. काउंटरमागं दहा-बारा वर्षांचं लेकरू कपबशा धुताना दिसलं तर दया येऊन त्याच्या हातावर दहा रुपये ठेवू नका. हॉटेल-ढाब्यात चौदा वर्षांखालच्या लेकराला कामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, अन् त्या दहा रुपयांनी ते तिथंच टिकते. १०९८ ला फोन लावा, नाव सांगावं लागत नाही.

बाबांचं म्हणणं मला अर्धं पटते. रोजच्या पार्सलवर रोज टिप देत राहिलं की पुढं न देणाऱ्या गिऱ्हाइकाकडं, मजुरी करून आलेल्या माणसाकडं कपाळाला आठ्या पाडून पाहिलं जाते, त्याचा डबा मागं पडतो, हे होते, मी पाहिलं आहे अन् ते होऊ द्यायचं नाही. पण दिल्यानं माणूस बिघडते हे मला पटत नाही. तुम्ही वर्षभराचं बांधलेलं गिऱ्हाईक असाल तर रोज काही देऊ नका, दिवाळीला एकदाच सगळ्यांसमोर द्या, अन् देताना सगळ्यांना मिळून असं म्हणा, म्हणजे गल्ल्यापाशी उभं असणाऱ्यालाच ते जात नाही.

आमच्या दुकानात समोर टिपचा डबा ठेवलेला नाही, समोर ठेवला की तो मागितल्यासारखाच होते. आत भांड्यांच्या फळीवर एक स्टीलचा डबा आहे, कोणी आतल्यांसाठी म्हणून दिलं की ते त्यात टाकतात. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो सगळ्यांसमोर उघडतात, गल्ल्यावरचा, पोळ्यावाल्या, भांडेवाली, सगळ्यांना सारखा वाटा. मी त्यात धरलेली नाही, मालकानं धरायचंच नसते, अमेरिकेतही २०१८ पासून मालकाला अन् मॅनेजरला टिपमधलं काही ठेवायला कायद्यानं मनाई आहे. त्या दिवशी कोणी सुट्टीवर असलं तर तिचा वाटा तिच्या नावानं कागदात बांधून डब्यातच राहते.